समोरून येणाऱ्याचे डोळे

मोटारीच्या दिव्यांसमोर खुर्ची टाकून, डोळे उघडे ठेवून माळ ओढत बसलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती माझी सासू. सगळं घर तिला आक्का म्हणायचं, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले.

मी साताऱ्याची, मराठ्याच्या घरातली. वडील लष्करातून पेन्शनीत आलेले, घरात रविवारी मटणाचा रस्सा, आणि साधं मीठ मागायचं तरी सगळ्यांचे आवाज चढलेले. सासर सांगलीचं, जैनांचं, हळदीच्या व्यापारातलं. तिथं पाणी गाळून प्यायचे, सूर्य मावळायच्या आत जेवायचे आणि भांडतानाही हळू बोलायचे. लग्न आम्ही दोघांनी पुण्यात शिकताना ठरवलं. त्या काळात असल्या लग्नानं दोन्ही घरांत भूकंप व्हायला हवा होता. साताऱ्यात तो रीतसर झाला. माझ्या वडिलांनी, आबांनी, माझ्याशी अबोला धरला आणि तो अबोला अख्ख्या गल्लीला मोठ्यानं ऐकवला. सांगलीत आक्कानं मुलाला एवढंच विचारलं, "पोरगी खरं बोलती का?" तो म्हणाला, "जरा जास्तच बोलते." तेवढ्यावर तिनं होकार दिला.

त्या घरात मोटार नव्हती. पूर्वी होती. माझे सासरे स्वतः चालवायचे. एकदा कराडहून परत येताना उशीर झाला, अंधार पडला, आणि पेठ नाक्याच्या अलीकडे समोरून एक ट्रक पूर्ण दिवे टाकून आला. आक्का शेजारच्या सीटवर होती. गाडी रस्ता सोडून झाडावर गेली. सासरे जागीच गेले, आक्काचा खांदा मोडला. ट्रक थांबला नाही.

लग्नानंतर एका दुपारी डाळ निवडता निवडता तिनं मला हे सांगितलं. "समदं पांढरं झालं बघ. शेजारी ह्यांचा हात हुता, त्योसुदिक दिसंना." मला संताप आवरेना. मी त्या ट्रकवाल्याला तोंडाला येतील तेवढ्या साताऱ्याच्या शिव्या घातल्या. आक्का डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "त्येला कशाला शिव्या देतीस? त्येनं मुद्दाम केलं न्हाई. घरी जाऊन भाकरी खाऊन झोपला असंल. आजपातुर त्येला ठावं नसंल." मग म्हणाली, "त्येच लय वंगाळ हाय. मारलं आन् ठावं न्हाई."

अपघाताच्या त्या रात्रीनंतर घरात मोटार आली नाही. आक्का प्रवास करायची तो दिवसाउजेडी, एस.टी.नं. पेठेतून घरी यायला कधी तिन्हीसांज झाली आणि समोरून दिवे लावलेली गाडी आली, की ती रस्त्याच्या कडेला होऊन भिंतीकडे तोंड करून उभी राही. गाडी गेली की पुन्हा चालू लागे. सांगलीत सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी तिला कधी हसलं नाही.

अशा बाईच्या मुलाला मोटारीनं जर्मनीला जायचं होतं.

साल चौसष्ट असावं. पासष्टची लढाई अजून व्हायची होती, लाहोरवरून जाणारी वाट उघडी होती. नवऱ्याला तिकडच्या एका कारखान्यात इंजिनिअरचं दोन वर्षांचं काम मिळालं. बोटीनं गेला असता तर एकटा गेला असता आणि मी सांगलीत हळद मोजत बसले असते. दोघांचं बोटीचं भाडं परवडणारं नव्हतं, दोघांनी जायचं तर रस्त्यानंच जमत होतं. पाचगणीचे एक परदेशी मास्तर मायदेशी परतताना आपली जुनी, राखाडी, विलायती बनावटीची गाडी विकून गेले, ती नवऱ्यानं घेतली. इंजिन खोलून पुन्हा बसवलं, टायर बदलले, पासपोर्ट काढले, नकाशे जमवले. गाडी मात्र गल्लीच्या तोंडाशी उभी. दारात आणायची त्याची छाती झाली नाही.

आक्काला सगळं दिसत होतं. ती हो म्हणेना, नाही म्हणेना. नवरा मला म्हणाला, "तिनं तोंडानं जा म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. बोटीनं जाईन. तू दोन वर्षं थांब." मी त्याला म्हटलं, "हे तुम्ही लग्नाआधी सांगायचं होतं." पण मला माहीत होतं, तो थांबणार म्हणजे थांबणार. आईच्या बाबतीत तो वडाच्या झाडासारखा होता, हलवायला गेलं की आपलेच हात दुखायचे.

आणि अशा वेळी साताऱ्याहून आबा आले. अबोला संपला होता, आता त्यांचं जावयावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम होतं. आम्हाला द्यायला म्हणून त्यांनी आपली लष्करातली लोखंडी ट्रंक आणली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत त्यांनी फौजेचे ट्रक हाकले होते आणि त्या एका विषयावर ते जेवणाच्या पंगतीपासून सुतकाच्या बैठकीपर्यंत कुठंही बोलू शकत.

सोप्यात बसून त्यांनी सुरुवात केली. "जावईबापू, समदं केलंसा, पर दिव्यांचं काय?"

"ते राहिलंय," नवरा हळूच म्हणाला. त्याला ते ठाऊक होतं, आणि हा विषय घरात निघू नये असंच वाटत होतं.

"आवं, ऱ्हायलंय कसं? आपण चालतो डाव्या अंगानं. समोरचा येतो आपल्या उजवीकडनं. म्हणून आपलं दिवं डिप्पर मारला की डावीकडं कलत्यात, समोरच्याला तरास न्हाई. पर काबूलच्या वाटंपासनं पुढं समदी दुनिया उजव्या अंगानं चालती! तिथं समोरचा येनार तुमच्या डावीकडनं. मंजी तुमचा कललेला उजेड सरळ त्येच्या डोळ्यात! आंधळाच की वो त्यो!" आणि आबा हसले.

मी त्यांना डोळ्यांनी दटावत होते, पण लष्करी माणसाला डोळ्यांची भाषा कळत नाही. आत स्वयंपाकघरात सुपानं पाखडण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. आक्का उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली.

"समोरच्याच्या डोळ्यात जातो?" तिनं विचारलं.

आबांच्या तेव्हा लक्षात आलं. एवढ्या मोठ्या माणसानं मिशा खाली घातल्या. नवऱ्यानं आईकडे पाहिलं. खोटं बोलायची त्या घरात सवय नव्हती.

"जातो, आक्का. पण त्याला उपाय आहे. काचेचा जो भाग तो उजेड टाकतो, तेवढाच झाकायचा. काळी पट्टी चिकटवायची. बाकीचा उजेड खाली रस्त्यावर पडतो."

"झाकता येतो?"

"येतो."

आक्का विचार करत उभी राहिली. दिवा झाकायचा हे तिला नवं नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यात कंदिलाला बारीक जाळीचं टोपण घालायचे, मागल्या दारचा विजेचा दिवा गरजेपुरता लावून लगेच बंद करायचे. उजेडावर चिलटं झेप घेतात आणि मरतात. आपल्याला दिसावं म्हणून दुसऱ्या जिवानं का मरायचं, हा त्या घरातला हिशेब. माहेरी आम्ही माशा मारायची स्पर्धा लावायचो, तिथून आलेल्या मला पहिल्या वर्षी हे फार जड गेलं होतं.

"गाडी गोदामात आणा," आक्का म्हणाली. "समोरचा म्हणून मी बसती. णमोकार मंत्राची एक माळ पुरी हुईस्तवर माजं डोळं उघडं राह्यलं, तर जावा दोगंबी. मिटलं, तर न्हाई जायाचं. मग बोटीनं जा, न्हाईतर घरात बस."

ती आत गेली आणि सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी भडकले. मागल्या दारी नवऱ्याला गाठून म्हटलं, "अहो, हे काय देवाला कौल लावणं झालं? माझी दोन वर्षं तिच्या पापण्यांवर?"

तो म्हणाला, "तिनं त्या रात्रीनंतर गाडीचा दिवा समोरून पाहिलेला नाही. ती बसते म्हणाली, हेच मला खरं वाटत नाहीये."

मी गोदामाच्या किल्ल्या आणायला आत गेले.

आमचं गोदाम घराला लागूनच होतं. लांबलचक, दगडी भिंतींचं, हळदीचा हंगाम सरल्यामुळे बरंचसं रिकामं. दारं लावली की भर दुपारी आत संध्याकाळ होई. वर कौलांत एक काचेचं कौल होतं, तेवढाच काय तो उजेड. परीक्षा दिवसाच घ्यायची हेही बरं झालं, कारण दिवस मावळल्यावर आक्का घराबाहेर पडत नसे. नवऱ्यानं गाडी ढकलत आत आणली. त्या घराच्या दारातून कितीतरी वर्षांनी मोटार आत जात होती. आक्का दाराशी उभी राहून चाकांकडे पाहत होती. तिचा हात मोडलेल्या खांद्यावर होता.

गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, गाडीच्या डाव्या अंगाला, म्हणजे परदेशातला समोरचा माणूस जिथून येणार तिथं, तिची खुर्ची ठेवली. मागच्या भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला आबांनी कोळशानं रेघ मारली. आपल्या तोंडानं झालेलं निस्तरायचं म्हणून ते दिवसभर राबत होते. माझं काम दिव्यापाशी उभं राहून वायरमनची काळी पट्टी काचेवर इकडून तिकडे सरकवायचं. नवरा आत बसला.

आधी पट्टी न लावता उजेड कुठं पडतो ते बघायचं होतं. "आक्का, आत्ता डोळे मीट," नवरा म्हणाला. "नुसता बघून घेतो." ती म्हणाली, "लाव तू."

त्यानं दिवे लावले, आणि आम्हाला कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट दिसली. हळदीच्या गोदामात हळदीची पूड कायम हवेत असते. पोती हलवली की उठते, दिवसभर तरंगत राहते. त्या पुडीमुळे उजेड डोळ्यांना दिसायला लागला. दिव्यांतून निघालेले दोन पिवळेधमक झोत, त्यांची वरची कड, खालची कड, डावीकडे कललेलं टोक, सगळं हातानं धरावं असं स्पष्ट. आणि ते टोक जाऊन बरोबर आक्काच्या चेहऱ्यावर टेकलेलं.

तिचा हात आपोआप वर आला. माळ मांडीवर पडली. ती खुर्चीत एका बाजूला कलली, जणू शेजारी कुणाला तरी धरायला. नवऱ्यानं दिवे बंद केले आणि धावत गेला. मीही गेले. तिचे हात गार पडले होते.

"राहू दे आक्का. नकोच ते," तो म्हणाला.

तिनं माळ उचलली. "जा, बस जागंवर," म्हणाली. "पट्टी लावून लाव."

माणसाला घाबरताना मी पुष्कळ पाहिलं आहे. घाबरून पुन्हा त्याच जागी नीट बसताना फार कमी वेळा. माझा सगळा राग त्या घटकेला उतरला.

मग काम सुरू झालं आणि कामाबरोबर आमचं भांडणही. नवरा आतून म्हणे, "डावीकडे घे." मी त्याच्याकडे तोंड करून उभी, मी माझ्या डावीकडे घेई. तो ओरडे, "अगं, डावीकडे!" मी म्हणे, "ही डावीच आहे!" आबा मधूनच फौजेतले हुकूम सोडत, त्यानं आणखी गोंधळ. शेवटी आक्का समोरून म्हणाली, "आरं, डावं-उजवं करू नगासा. नदीकडं आन् पेठंकडं म्हना." कृष्णा कुठल्या अंगाला आणि पेठ कुठल्या, हे सांगलीत कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी चुकत नाही. त्यानंतर पट्टी "बोटभर नदीकडं", "जरा पेठंकडं" अशी सरळ सरकू लागली. पट्टी हलली की हळदीच्या धुरळ्यात झोताचा तेवढा तुकडा विझायचा. नको असलेला तुकडा कुठला ते आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं. मोठमोठ्या कारखान्यांत दिवे तपासायला काय करतात मला माहीत नाही, पण आमच्या हळदीइतकी चांगली सोय त्यांच्याकडे नसेल.

एका दिव्याचं जमलं, मग दुसऱ्याचं. दोन्ही काचांवर तिरका काळा तुकडा बसला. झोताचं कललेलं टोक गेलं, उरलेला उजेड आक्काच्या पायांपाशी जमिनीवर पडला. नवऱ्यानं काचेच्या कडेला रंगाचे ठिपके दिले, म्हणजे सरहद्दीपाशी पट्टी पुन्हा लावताना जागा चुकायला नको.

"आता माळ घेती," आक्का म्हणाली.

गोदामात आम्ही तिघं उभे. ती दिव्यांकडे सरळ पाहत होती, ओठ हलत होते, मणी पुढे सरकत होते. एका मण्यापाशी हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. माळ पुरी झाली. तिनं ती कपाळाला लावली.

"तयारीला लागा," ती म्हणाली.

आबांनी बाहेर जाऊन मोठ्यानं नाक शिंकरलं. मी तिच्या पाया पडले. मनापासून पडले, सुनेनं पडायचं म्हणून नव्हे.

त्यानंतर आक्का जी कामाला लागली, ती थांबलीच नाही. हो म्हणेपर्यंत दडवून ठेवलेली तिची काळजी आता बाहेर आली, आणि ती काळजी होती खाण्याची. "तिकडं समदं मांसमच्छी. पोरगं काय खाईल?" ह्या एका वाक्यावर तिनं सगळ्या गल्लीला जुंपलं. लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग, सांडगे, पापड, दोन-तीन प्रकारच्या डाळी, तांदूळ, तुपाचा डबा. गूळ म्हणून एखादा डबा देईल असं मला वाटलं होतं, तर तिनं अख्खी ढेप आणवली. चटणी तिथं पुन्हा करता यावी म्हणून दगडी खल. मी हसून म्हटलं, "आक्का, जर्मनीत दुष्काळ नाही पडलेला." ती हसली नाही. "तू काय बी खाशील," म्हणाली, "तुजं मी काय म्हनत न्हाई. त्येच्या बापाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जीव मारून खाल्लेला न्हाई. माज्या पोरापासनं ते मोडू नये, एवढंच मागती मी." तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती ट्रकाच्या दिव्यांची नव्हती. ही दुसरीच होती, आणि मला वाटतं, तिच्यासाठी जास्त मोठी.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी भरली. मागची डिकी आक्काच्या डब्यांनी भरून झाकण जेमतेम लागलं. उरलेले डबे मागच्या सीटच्या पायाशी. नवऱ्याची पुस्तकं, हत्यारं, आबांची ट्रंक, माझे चार कपडे. दुपारी गोदामात नवऱ्यानं सहज म्हणून दिवे लावून पाहिले. त्या दिवशी पोती हलवली होती, पूड भरपूर उडालेली. दोन्ही झोत पिवळेधमक समोर उभे राहिले आणि मी भिंतीकडे पाहिलं. उजेड कोळशाच्या रेघेवर गेला होता.

आम्ही रिकाम्या गाडीची परीक्षा घेतली होती आणि भरलेल्या गाडीनं निघालो होतो. मागं वजन पडलं, गाडी शेपटीवर बसली, नाक वर झालं. सांगलीच्या आईनं भरलेली डिकी केवढी जड असते, हा हिशेब घरातल्या इंजिनिअरनं धरलाच नव्हता. तो खाली वाकून दिव्यांची मान खाली करायचा स्क्रू फिरवू लागला. स्क्रू शेवटाला गेला. उजेड थोडा उतरला, पुरेसा नाही.

"काय झालं रं?" आक्का दारात उभी होती. वाटेत खायला म्हणून धपाट्यांचा डबा तिच्या हातात होता.

नवरा उठून उभा राहिला. मी मनातल्या मनात म्हणत होते, नका सांगू. उद्या सकाळी तर निघायचंय. वाटेत काहीतरी करता येईल.

"मागं वजन झालं, आक्का," तो म्हणाला. "दिवे वर आले. साताऱ्यात थांबून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान वाढवून घेतो, म्हणजे गाडी उचलेल."

"आन् न्हाई उचलली तर?"

तो पुन्हा स्क्रूकडे वाकला.

आक्कानं डबा खाली ठेवला. कोपऱ्यातली खुर्ची स्वतः ओढत त्याच जागी आणली, बसली आणि कमरेची माळ काढली. "लाव," म्हणाली.

माळ निम्म्यावरही गेली नाही. तिनं डोळे उघडे ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला, मला दिसत होता. पापण्या थरथरल्या, पाणी आलं आणि डोळे मिटले. ठरलेलंच होतं, मिटले तर जायचं नाही. आबा ट्रंकेकडे पाहत होते, मी जमिनीकडे. मला वाटलं, संपलं.

आक्का उठली आणि गाडीच्या मागं गेली. डिकी उघडली. दोन्ही हातांनी गुळाची ढेप ओढू लागली, ती तिला हलेना. "धर की रं," ती मुलाला म्हणाली.

"आक्का, पुस्तकं काढतो मी."

"पुस्तकांच्या जिवावर तर चाललायस."

"माजी ट्रंक काढा," आबा म्हणाले. "लोखंडी हाय, लय जड."

"ट्रंक पुढं सरकवा," ती म्हणाली. "मागनं निगाली म्हंजी झालं."

ढेप निघाली. खल निघाला. ती पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. लाव म्हणाली. अजून उजेड डोळ्यांत येत होता. ती पुन्हा उठली. तांदूळ निघाले, डाळी निघाल्या. पुन्हा बसली. एवढे दिवस पहाटे उठून जे तिनं भाजलं, कुटलं, वाळवलं होतं, ते ती एकेक करून भिंतीला लावून ठेवत होती, आणि प्रत्येक वेळी खुर्चीत जाऊन दिव्याला तोंड देत होती. आम्ही मदत करायला गेलो तर हातानं बाजूला करी. तुपाचा डबा निघाला. सांडगे, पापड, भडंग आणि मागच्या सीटच्या पायाशी ठेवलेले डबेही निघाले. डिकीत आता चटणी आणि मेतकुटाचे डबे आणि पाणी गाळायचं फडकं एवढंच तिचं उरलं. उजेड अजून रेघेला जेमतेम शिवत होता. तिनं फडकं तिथंच ठेवलं, त्याला वजन नसतं. डबे मात्र उचलले.

नवऱ्यानं तिचा हात धरला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. "एवढं राहू दे, आक्का," तो म्हणाला. "एवढ्यानं काही होत नाही. तिकडं मी काय खाऊ?"

स्वतःच्या पोटासाठी तो बोलत नव्हता. त्या डब्यांवर आक्काचा केवढा जीव होता हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तिच्याच भीतीचा शब्द त्यानं तिला दिला होता. तिलाही ते कळलं.

"तू काय खायाचं ते तुज्या हातात हाय, बाळ," ती म्हणाली. "समोरनं येनाऱ्याच्या हातात काय हाय?"

त्यानं हात सोडला. तिनं डबे भिंतीपाशी नेऊन बाकीच्यांच्या ओळीत ठेवले.

मी आजवर पुष्कळ देवळं पाहिली, साधूसंतांची पुष्कळ वचनं ऐकली. धर्म म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मला त्या दुपारी हळदीच्या पुडीत उभी असलेली ती बाई आठवते. काबूलच्या पलीकडचा कुठलातरी रस्ता, कुठल्यातरी रात्री येणारा कुठलातरी माणूस, ज्याची भाषाही तिला कधी कळली नसती. त्याच्या डोळ्यांसाठी तिनं स्वतःच्या मुलाच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

ती पुन्हा खुर्चीत बसली. नवऱ्यानं दिवे लावले. झोत खाली होता, तिच्या गुडघ्यांखालून जमिनीवर पसरलेला. माळ सुरू झाली. ह्या वेळी कुठं थांबली नाही. आबा हात जोडून उभे होते, तसं मी त्यांना देवासमोरसुद्धा क्वचित पाहिलं होतं. मणी संपत आले तसे आक्काचे डोळे भरू लागले. पाणी गालांवर आलं, हनुवटीवर आलं, तरी तिनं पापणी हलू दिली नाही. माळ पुरी झाली आणि मी घाबरून धावले. "आक्का, अजून उजेड लागतोय का गं डोळ्यांना?"

"उजेड न्हाई गं," ती म्हणाली. "पोरगं चाललंय माजं."